एका घराला एक नंबर

मला सगळ्यात जास्त राग ज्या वाक्याचा येतो ते माझंच आहे. 'बदलाची गरज नाही. आमच्याकडे घर एकच असतं.' आमच्या कंपनीत कोणी कोणाच्या कोडवर शंका काढली, की ती शंका आणि तिचं उत्तर दोन्ही कायमचं नोंदलं जातं. नंतर पुसता येत नाही. त्यामुळे हे वाक्य माझ्या नावासकट तिथे बसलेलं आहे, कोणीही उघडून वाचावं. मी किती वेळा उघडून वाचलंय ते विचारू नका.

कंपनी म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. गोखिवऱ्याला एका औद्योगिक वसाहतीत खाली प्लास्टिकचे डबे बनवणारा गाळा आहे आणि वरच्या मजल्यावर आम्ही अकरा जण. रक्त-लघवी तपासणाऱ्या लहान लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. पेशंटचं नाव घालायचं, चाचण्या निवडायच्या, निकाल भरायचे, अहवाल छापायचा आणि पेशंटच्या मोबाइलवर मेसेज पाठवायचा, एवढं त्याचं काम. निकाल धोक्याचा असेल तर मेसेज ताबडतोब जातो आणि लॅबच्या पडद्यावर त्या पेशंटपुढे हिरवी खूण उमटते, 'कळवले'. ही हिरवी खूण माझी कल्पना. तिचा मला फार अभिमान होता.

मी वसईच्या पाचूबंदरची. किल्ल्याच्या बाजूला जेट्टीकडे जाताना जी दाटीची घरं लागतात, त्यातलं एक आमचं. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. घर मोठ्या काकांचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं, असं सगळे धरून चालायचे, आणि काकाही तसंच धरून चालायचे. विजेचा मीटर त्यांच्या नावावर. गॅस त्यांच्या नावावर. रेशनकार्डावर पहिलं नाव त्यांचं. विहिरीवरची मोटर तिन्ही चुलींना पाणी द्यायची, पण तिचं बटण काकांच्या पुढच्या खोलीत. काका-काकी खोलीला कुलूप लावून लग्नाला गेले की मागच्या दोन बिऱ्हाडांनी कोरड्या घशाने वाट बघायची. 'एकाच घरात काय तुझं-माझं' असं काका म्हणायचे. बटण ज्याच्या खोलीत असतं त्याला हे म्हणायला सोपं जातं.

आणि फोन. घरात एकच फोन, तो काकांचा. पुढे तो मोबाइल झाला, तरी घराचा नंबर म्हणजे काकांचाच नंबर. शाळेच्या दाखल्यावर तो, बँकेत तो, फादरांच्या वहीत तो. मी कॉलेज संपवून नोकऱ्यांसाठी अर्ज केले तेव्हा त्यावरही तोच लिहिला. माझ्या पहिल्या मुलाखतीचा फोन आला तो काकांना. काकांनी मला तो निरोप तिसऱ्या दिवशी दिला, जेवता जेवता, 'अगं, तुझा कोनाचातरी फोन होता' असा. मुलाखत आदल्या दिवशी होऊन गेली होती. मी ताट सरकवून उठले आणि मागच्या दारी जाऊन इतकी रडले की आत्या हातातलं काम टाकून आली.

आत्या म्हणजे काकांची आणि बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन नायगावला गेली होती, नवरा वारल्यावर परत आली आणि मागच्या खोलीत राहिली ती राहिलीच. पहाटे जेट्टीवर मासळीच्या लिलावात उभी राहायची, पाटी घ्यायची, बाजारात बसायची, दुपारी बोंबील वाळत घालायची. मला बारावीनंतर शिकवलं ते तिने. कॉम्प्युटरचा क्लास, कॉलेजची फी, सगळं तिच्या पाटीतून आलं. त्या दिवशी मागच्या दारी तिने माझ्या पाठीवर थाप मारून एवढंच म्हटलं, "रडू नको. दुसरा फोन येईल. तवा मी बसते फोनच्या बाजूला." आणि खरंच बसली. पुढच्या आठवडाभर दुपारच्या वेळी काकांच्या खोलीत फोनशेजारी भिंतीला टेकून बसून राहायची. काकी कुरकुरल्या, तरी हलली नाही. दुसरा फोन तिनेच उचलला. माझी सोळा वर्षांची नोकरी तिथून सुरू होते.

हे सगळं माझ्या बाबतीत घडलेलं. एका घराचा एक नंबर असला की काय होतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि तरीही मीच ते कोडमध्ये लिहिलं. म्हणून म्हणते, राग यायचा तर कोणाचा यायचा?

काय लिहिलं ते सांगते, अवघड नाही. आमच्या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गोष्ट एक वस्तू असते, तिला आम्ही ऑब्जेक्ट म्हणतो. एक पेशंट म्हणजे एक ऑब्जेक्ट. एकेका ऑब्जेक्टला आपलं काम करायला दुसरं काहीतरी लागतं. पेशंटला निरोप धाडायचा तर धाडणारा एक ऑब्जेक्ट लागतो आणि कुठे धाडायचा ते सांगणारा संपर्काचा ऑब्जेक्ट लागतो, म्हणजे पत्ता आणि फोन. ज्याच्यावाचून एखाद्याचं काम अडतं, त्याला आमच्या धंद्यात डिपेंडन्सी म्हणतात. आता प्रश्न असा, की पाच ऑब्जेक्ट एकमेकांच्या नात्यातले असतील, एकाच घरातले पाच पेशंट असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र संपर्क बनवून द्यायचा, की एकच संपर्क बनवून तो पाचही जणांच्या हातात ठेवायचा?

पहिल्यांदा प्रत्येकाला स्वतंत्र होता. लॅबवाले वैतागायचे. वसईत माणसं एकेकटी रक्त द्यायला येतच नाहीत. चर्चमधली रविवारची मिस्सा सुटली की अख्खं घर येतं, सासू, सून, नणंद, दीर, उपाशी पोटी ओळीने बसतात. काउंटरवरच्या मुलीला तोच पत्ता आणि तोच नंबर पाच वेळा टाइप करावा लागायचा, आणि पाचातला एक हमखास चुकायचा. कळंबच्या रक्ततपासणी शिबिरात तर एका बाईचा अहवाल नालासोपाऱ्याच्या कुणा परक्या माणसाला गेला आणि तो माणूस लॅबशी भांडला.

मग मी घर नावाचा ऑब्जेक्ट केला. संपर्क एकदाच भरायचा, घरात. घरातला नवा पेशंट नोंदला की घर आपला संपर्क त्याच्या हातात ठेवणार. नक्कल नव्हे, तोच. पाच जण, संपर्क एक. काउंटरचं काम पाचपट कमी झालं. मालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. "लोकल माणसाला लोकल गोष्ट कळते," म्हणाले. मीही फुगले. बाहेरून आलेल्या, पुण्या-बेंगळुरूत शिकलेल्या लोकांना वसईतलं घर कसं चालतं ते काय माहीत, असं मला खरोखर वाटत होतं.

शंका काढली ती आमचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टिंगच्या बाईंनी. त्या मूळच्या चिपळूणच्या, विरारला फ्लॅट घेऊन राहतात, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, आणि बोलतात कमी. त्यांनी लिहिलं होतं: 'पाच जणांकडे एकच संपर्क आहे. त्यातल्या एकाने आपला नंबर बदलला तर बाकी चौघांचा न विचारता बदलेल. मेसेज धाडणारा ऑब्जेक्ट सगळ्यांत एक असला तर चालेल, तो कोणाचाच नाही आणि बदलतही नाही. पण नंबर माणसाचा असतो. प्रत्येकाला नक्कल द्यावी असं वाटतं.'

किती साधं आणि किती नीट लिहिलं होतं! त्यातलं एक अक्षर चूक नव्हतं. मी ते धड वाचलंसुद्धा नाही. मला फक्त एवढंच दिसलं, की सगळे कौतुक करतायत आणि या बाई खुसपट काढतायत. मी उत्तर ठोकलं, 'बदलाची गरज नाही. आमच्याकडे घर एकच असतं.' त्यातलं 'आमच्याकडे' मी मुद्दाम घातलं होतं. त्यांना ते लागावं म्हणून.

त्यांनी पुढे काही लिहिलं नाही. मालकांनी मंजुरी दिली आणि ते सगळ्या लॅबमध्ये गेलं. पाचूबंदरच्या शिबिरासाठी मी स्वतः आमच्या घरची नोंद करून दिली, नमुना म्हणून. घर आमचं, नंबर काकांचा.

त्यानंतर आठेक महिने सगळं सुरळीत चाललं. मग काकांच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलत भावाने, विरारला फ्लॅट घेतला आणि तो बायको-मुलांना घेऊन तिकडे राहायला गेला. पाचूबंदरला शिबिर घेणाऱ्या लॅबच्याच तिकडच्या केंद्रावर त्याने कोलेस्टेरॉल तपासलं. काउंटरवर त्याने सांगितलं की माझा नंबर वेगळा आहे, हा घ्या. मुलीने जुना खोडून नवा घातला. तिची काहीच चूक नव्हती. त्याच्या पानावर त्याचा नंबर बदलायचा, तो तिने बदलला. फक्त ते पान त्याचं एकट्याचं नव्हतं. मी ते पाच जणांत वाटून ठेवलं होतं. त्या क्षणी काका, काकी, माझी आई आणि आत्या, चौघांचाही नंबर विरारच्या त्या फ्लॅटमधला झाला आणि पाचूबंदरला कोणाला पत्ता नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये शिबिर होतं. आत्या आईबरोबर गेली. तिच्या पायाला पंधरा दिवसांपूर्वी शिंगाळा माशाचा काटा लागला होता आणि जखम भरत नव्हती. घशाला कोरड पडते, पाणी प्यायलं तरी भागत नाही, असं ती आईला म्हणत होती. शिबिरातल्या मुलीने तिला सांगितलं, "मावशी, काही वाईट असलं तर लगेच मेसेज येईल. नाही आला तर समजा सगळं ठीक." हे वाक्य आम्हीच लॅबवाल्यांना शिकवलं होतं. प्रशिक्षणाच्या कागदावर छापलेलं आहे.

मेसेज आला नाही. आत्याने ठीक समजलं. पायाला हळद लावून फडकं गुंडाळलं, आणि लिलावाच्या चिखलात भिजू नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी बांधली.

मी दोन रविवार घरी गेले नव्हते. माझा फ्लॅट वसई पश्चिमेलाच, रिक्षाने अर्ध्या तासावर. पण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती द्यायची होती आणि मी फार महत्त्वाची बाई झाले होते. तिसऱ्या रविवारी गेले तर आत्या मागच्या दारी बसली होती. पाय पुढे पसरलेला, त्याला पिशवी. वास आला. मासळीच्या वासात मी वाढलेय, मासळीचा वास मला कळतो. हा तो नव्हता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काय नाय गो. काटा लागला."

"रक्त तपासलं होतंस ना? काय आलं?"

"मेसेज नाय आला. मंजे चांगलाच हाय."

मी पिशवी सोडली. करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट काळं पडलेलं. आईने तोंडावर हात धरला. मी तिथेच बसून फोनवरून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरले, आत्याचं नाव काढलं. साखर पाचशेच्या वर. त्याच्यापुढे माझी हिरवी खूण. 'कळवले'. बारा दिवसांपूर्वी, दुपारी. मला वाटलं काकांनी पाहिलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. उठून पुढच्या खोलीत गेले आणि काकांना नाही नाही ते बोलले. मुलाखतीच्या फोनपासूनचं सगळं काढलं. काका आधी भांबावले आणि मग भडकले. "मना काय मेसेज नाय आला! बघ, हा घे फोन, बघ!" मी फोन हिसकावून घेतला. खरंच नव्हता.

मग मी नोंद पुन्हा उघडली, आणि नंबर बघितला. तो भावाचा होता.

त्याला फोन लावला. उचलल्या उचलल्या विचारलं, "आत्याच्या साखरेचा मेसेज तुला आला होता?"

"हो, आला होता ना."

"आणि?"

"आणि काय? घरचाच मेसेज ना तो? मला वाटलं बाबांना पण आला असेल. सगळ्यांना गेला असेल ना, घरचा आहे म्हटल्यावर."

"तू एक फोन नाही केलास?"

"अगं, मी ऑफिसमध्ये होतो. मला वाटलं तुम्ही बघत असाल. तूच तर बनवलंयस ना ते?"

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चार महिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पण फोन ठेवल्यावर शेवटचं वाक्य कानात राहिलं, कारण तेवढं एकच खरं होतं. तो मूर्ख आहे, आळशी आहे, आत्याने त्यालाही अंगाखांद्यावर खेळवलंय आणि त्याला बोटं उचलून एक फोन करवला नाही, हे सगळं आहेच. पण त्याच्या हातात आत्याचा जीव ठेवला कोणी? त्याने मागितला नव्हता. आत्यानेही दिला नव्हता. मी दिला, दोघांनाही न विचारता, काउंटरवरचं टायपिंग वाचावं म्हणून.

आत्याला त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. दोन बोटं आणि पायाचा पुढचा थोडा भाग काढावा लागला. डॉक्टर चांगले होते, ओरडले नाहीत. मी विचारलं, बारा दिवस आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "कदाचित बोटं वाचली असती. खात्री कोणी देणार नाही." मला ते 'कदाचित' अजून पचलेलं नाही. खात्रीने वाचली असती म्हणाले असते तर मी मोकळेपणी रडले असते, नसती वाचली म्हणाले असते तर सुटले असते.

सोमवारी ऑफिसात मालकांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग विचारलं, "लॅबला माहितीये?" मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, "बघ, टेक्निकली आपलं सॉफ्टवेअर बरोबरच चाललंय. मेसेज गेला. नंबर क्लार्कने बदलला. आपण एक सूचना काढू, की ऑपरेटरने नंबर बदलण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांची खात्री करावी."

सूचना! दोन बोटं गेली माझ्या आत्याची आणि हा माणूस सूचना काढतोय. आणि ती पण कोणाला, तर महिन्याला चार पैशांवर राबणाऱ्या त्या काउंटरवरच्या मुलीला. मी म्हटलं, "चूक तिची नाही. चूक माझी आहे आणि तुम्ही तिच्यावर सही केली आहे." ते म्हणाले, आवाज खाली. मी आवाज खाली केला नाही. खालच्या गाळ्यातलं मशीन चालू होतं, तरी बाहेरच्या एकूण एक माणसाला ऐकू गेलं असावं, कारण बाहेर आले तेव्हा सगळे आपापल्या पडद्यात तोंड खुपसून बसले होते.

टेस्टिंगच्या बाई मात्र वर बघत होत्या. मी त्यांच्या टेबलाजवळ गेले. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं. त्यांनी खुर्ची सरकवून दिली. मग म्हणाल्या, "नकला करायच्या तर जुन्या सगळ्या घरांच्या कराव्या लागतील. कुठले नंबर कधी बदलले त्याची यादी मी काढून ठेवलीये." ती यादी त्यांनी कधी काढली होती, मी विचारलं. "तुमचं उत्तर आलं त्याच आठवड्यापासून. दर महिन्याला काढत होते. कोणी मागितली नाही." त्या एका शब्दानेही मला टोचून बोलल्या नाहीत. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

लॅबवाल्यांना मी स्वतः फोन केले, मालकांना न विचारता. यादीतल्या प्रत्येक घराला त्यांच्याकडून फोन करवले. मालक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण काढूनही टाकलं नाही. कोड बदलायला दीड दिवस लागला. आता घर आपला संपर्क कोणाच्या हातात ठेवत नाही. नवा माणूस आला की त्याला त्याचा स्वतःचा संपर्क मिळतो, त्याने सांगितलेला. दोघांनी एकच नंबर सांगितला तरी नोंदी दोन. एकाने आपला बदलला तर दुसऱ्याचा जागचा हलत नाही. निरोप धाडणारा ऑब्जेक्ट मात्र सगळ्यांत एकच आहे, कारण तो खरोखरच कोणाचा नाही. म्हणजे बाईंनी लिहिलं होतं तसंच, अक्षरशः तसंच. दीड दिवसाचं काम. ते दीड दिवस मी आधी दिले नाहीत.

आत्या घरी आली ती कुबडी घेऊन. लिलावात चिखलात उभं राहणं संपलं. डोक्यावर पाटी घेणं संपलं. पहाटे जाग यायची, सवयच ती, आणि मग अंथरुणात बसून जेट्टीवरचे आवाज ऐकत राहायची, असं आई सांगायची. मला एकदा म्हणाली, "तू कशाला तोंड पाडतेस? काटा काय तू टोचलास?" तिला मी दोनदा समजावून सांगितलं होतं की चूक कोणाची होती. दोन्ही वेळा तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग विचारलं, जेवलीस का?

मी तिला मोबाइल आणून दिला. साधा, बटणांचा. नंबर तिच्या नावावर. यासाठी आधार कार्ड आणि अंगठा तिचाच लागला, काकांचं काही लागलं नाही. दुकानातून बाहेर आल्यावर तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि कनवटीला खोचला. "किती आकडे?" तिने विचारलं. दहा, मी म्हटलं. तिला काकांचा नंबर पाठ होता. आयुष्यभर तोच सांगत आली होती. नवा पाठ करायला तिला पंधरा दिवस लागले. बोंबील निवडता निवडता पुटपुटायची. सातव्या आकड्यावर अडायची.

पुढचं शिबिर त्याच हॉलमध्ये होतं. या वेळी मी सोबत होते. मिस्सा सुटल्यावरची नेहमीची गर्दी, आणि आमच्या घरची ओळ: आत्या पुढे कुबडीवर, मागे आई, काकी, शेवटी काका. काका त्या सकाळपासून खुशीत होते. वाटेत त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलंही होतं, "आता ही घरीच असते दिवसभर. फोन पन हिच्याजवळच असतो. आता घराचा नंबर हिचाच लाव. माझा नको. मना झेपत नाय." अगदी मोठ्या मनाने सांगत होते. पायाने अधू झालेल्या बहिणीला घराची टेलिफोन ऑपरेटर करायचं त्यांच्या मनात होतं आणि ते तिला मान देतायत असं त्यांना वाटत होतं. मी तशीच पुढे चालू लागले. उत्तर दिलं असतं तर हॉलपर्यंत पोचलो नसतो.

काउंटरवर मागच्या शिबिरातलीच मुलगी होती. तिने आत्याकडे बघितलं आणि तिचे डोळे कुबडीवर गेले. मग खाली बघून म्हणाली, "मावशी, नंबर?"

आत्याने सुरुवात केली. एक एक आकडा, मध्ये थांबत. सातव्याला अडली. तोंड उघडं राहिलं. मागे रांग चुळबुळली.

"मी सांगू?" मी म्हटलं.

"गप."

ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. सहा झाले. डोळे मिटले. सातवा आला, मग बाकीचे तीन धावत आले. मुलीने परत वाचून दाखवला, आत्याने प्रत्येक आकड्याला मान हलवली.

मागून काकांचा आवाज आला, "आमच्या सगल्यांचा पन तोच लिवा, बाय. घर एकच हाय."

मी वळले, तोंडात शिव्या तयार होत्या. पण त्याआधी आत्या वळली होती. कुबडीवर वळायला तिला वेळ लागतो. ती पूर्ण वळली, भावाकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, तुझा तू सांग."